तिघांचा खेकडा

वृंदा कारखानीसला दात बनवता यायचे आणि राक्षसही. दातांवर तिचं पोट चालायचं. राक्षस होते रविवारसाठी.

कोल्हापुरातले दंतवैद्य आपल्या रुग्णांच्या जबड्यांचे ठसे तिच्याकडे पाठवत. राजारामपुरीतल्या आपल्या छोट्या लॅबमध्ये बसून ती त्यांवरून कवळ्या आणि दातांवरच्या टोप्या घडवायची. हिरड्यांसाठी वापरतात तो गुलाबी मसाला उरला, की त्यातून कधी दोन तोंडांचा लांडगा, कधी पंख फुटलेलं कासव तयार व्हायचं. बोटभर उंचीचे हे प्राणी रविवारी दुपारी तिच्या जेवणाच्या टेबलावर मांडले जायचे आणि तिचे तीन मित्र त्यांच्याशी लढायचे.

खेळ तसा सोपा होता. वृंदा सूत्रधार. एका कल्पित मुलखाची गोष्ट ती सांगत जायची आणि बाकीचे तिघं त्या गोष्टीतलं एकेक पात्र होऊन बोलायचे, ठरवायचे, भांडायचे. घाव लागला की हुकला, हे वीस बाजूंचा फासा सांगायचा. मिरची-मसाल्याच्या दुकानाचा मालक इरफान मुजावर हा धोंडाजी नावाचा ढालाईत होता. एका मोठ्या इस्पितळात एक्स-रे काढणारी शर्वरी, तिघांत सगळ्यांत लहान, ती चित्तरी नावाची तिरंदाज. आणि शाळेत व्यायाम शिकवणारा दिगंबर चौगुले, म्हणजे दिगू, हा फुंकरनाथ नावाचा मांत्रिक. फुंकरनाथाच्या तोंडातून आग निघायची, आणि दिगूच्या स्वभावाला धरून ती बहुतेक वेळा भलत्याच दिशेला निघायची. सहा वर्षं हे चाललं होतं. पात्रं म्हातारी होत आली होती, त्यांच्या अंगावर जखमांचे वण होते, त्यांची आपसात जुनी भांडणं होती.

सूत्रधाराची खरी कसोटी गोष्ट सांगण्यात नसते, लढाई बेतण्यात असते. राक्षस दुबळा निघाला, की खेळणारे जांभया देतात. जास्त तगडा झाला, की सगळे मरतात आणि वर्षांची गोष्ट तिथंच बुडते. त्यात हिशेब सरळ नसतो. राक्षस एकटा असेल आणि समोर तिघं असतील, तर त्याच्या एका घावाला तीन घावांचं उत्तर मिळतं. त्या तिघांतला एक पडला, तर ताकद एक तृतीयांशाने कमी होते असं वाटतं. प्रत्यक्षात उरलेल्या दोघांवर तिसऱ्याच्याही वाटणीचे घाव बसू लागतात, ते लवकर थकतात, आणि उतरण सुरू झाली की थांबत नाही. वृंदा हे सगळं माणसांची तोंडं बघून सांभाळायची. इरफान गप्प झाला, की राक्षसाचं बळ हळूच उतरवायची. दिगू फार खिदळायला लागला, की झाडामागून आणखी एक लांडगा काढायची.

पण एका रविवारी तिचा अंदाज साफ चुकला. दलदलीतल्या जळवांनी चित्तरीला जवळजवळ संपवलं. शर्वरी रडली, दिगू आणि इरफान एकमेकांवर ओरडले, आणि तिघंही चहा न घेताच गेले. त्याच आठवड्यात वृंदाने ‘तोल’ मागवला.

तोल म्हणजे बशीएवढी एक चकती. टेबलाच्या मध्यभागी ठेवायची. तिला बघता यायचं, ऐकता यायचं. कोण किती धोका पत्करतो, कोण घाबरला की मागे सरतो, कोण दुसऱ्याला वाचवायला स्वतःचा डाव सोडतो, हे ती काही बैठकांत शिकून घ्यायची आणि प्रत्येक खेळाडूची एक निर्णयांची प्रतिमा आपल्या पोटात बनवायची. मग लढाई सुरू होण्याआधीच ती लढाई त्या प्रतिमांना घेऊन हजारो वेळा खेळून बघायची. कधी राक्षसाला जास्त बळ, कधी कमी. कधी त्याला साथीदार, कधी नाही. त्यातून ती असा एक राक्षस निवडायची, की खेळणारे जिंकतील, पण अगदी शेवटच्या श्वासावर. लढाई चालू असतानाही हिशेब थांबत नसे. फासा अनपेक्षित पडला, तर पुढचा घाव ती तसा वळवून घ्यायची.

पहिले काही महिने असे गेले, की चौघांनाही वाटलं, आजवर आपण खेळलोच नव्हतो. प्रत्येक लढाई काठावरची. प्रत्येक वेळी श्वास रोखलेले, प्रत्येक वेळी शेवटी आरडाओरडा. खालच्या मजल्यावरच्या शिर्केकाकू एकदा वर येऊन बघून गेल्या, की इथं झालं तरी काय.

मग एका रविवारी इरफानचा फोन आला. “वृंदा, मेहुण्याकडं लग्न आहे. आज काय जमत नाही.”

पूर्वी असं झालं असतं, तर खेळच रद्द व्हायचा. ढालाईत नाही तर पुढं उभं कोण राहणार? अंगात ताप असताना पांघरूण घेऊन आलेला इरफान तिने पाहिला होता. पण आता तिने चकतीला सांगितलं, आज दोघंच. चकती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “दोन खेळाडू. तोल साधला आहे.” आणि खरोखरच साधला होता. चित्तरी आणि फुंकरनाथ शेवटच्या श्वासावर जिंकले. दिगूने टाळ्या पिटल्या. इरफानची आठवण निघाली ती चहाच्या वेळी, एक कप जास्त भरला गेला तेव्हा.

पुढच्या रविवारी इरफान आला. त्याच्या पुढच्या नाही आला. मग दिगूच्या शाळेचे सामने लागले. मग शर्वरीची इस्पितळातली पाळी बदलली. कोणी भांडलं नाही, कोणी सोडलं असं म्हणालं नाही. येणारे यायचे, जिंकायचे, जायचे. पाऊस-पाण्याचे बहाणेसुद्धा हळूहळू बंद झाले, कारण बहाणा सांगायची गरजच उरली नाही.

आणि एका दुपारी कोणीच आलं नाही.

वृंदाने पोहे केले होते. टेबलावर नकाशा पसरला होता. बऱ्याच वेळाने ती स्वतःच एका खुर्चीत बसली आणि तिने चकतीला सांगितलं, “मी एकटीच आहे.”

“एक खेळाडू. तोल साधला आहे.”

ती खेळली. एक अनाम वाटसरू आणि एक लंगडा लांडगा. टेबलावर पुढे झुकून ती एकेक फासा टाकत गेली, आणि शेवटच्या फाशावर ती जिंकली. तिच्या तोंडून “हो!” असा आवाज निघाला आणि भिंतीला लागून परत आला. ती वळून कोणाकडे तरी बघायला गेली. मग उठून तिने पोहे डब्यात भरले. ते तिने तीन दिवस खाल्ले.

त्या आठवड्यात ती एक ठसा हातात घेऊन बराच वेळ बसून राहिली. कुणा प्रौढ बाईचा खालचा जबडा होता. मधली एक दाढ कधीतरी काढलेली, आणि तिथं काही बसवून घेतलेलं नव्हतं. वृंदाने असे शेकडो जबडे पाहिले होते. एक दात गेला, की शेजारचे दोन्ही हळूहळू त्या फटीकडे कलंडतात. वरचा खाली उतरतो. काही वर्षांत फट दिसेनाशी होते. बाईला वाटतं, भरून आलं. चावायला गेलं, की कळतं, एकही दात आपल्या जागेवर राहिलेला नाही.

ती ठसा ठेवून उठली आणि इरफानच्या दुकानात गेली.

लक्ष्मीपुरीतल्या त्या दुकानात मिरचीचा खाट दारापासूनच नाकात शिरायचा. इरफान गल्ल्यामागे बसला होता. आत दोन यंत्रं मसाला मोजून पिशव्यांत भरत होती. त्याने तिच्यासाठी खुर्ची ओढली.

“रागावलीस का?” त्याने आधीच विचारून टाकलं.

“नाही. विचारायला आले. का येत नाहीस?”

इरफानने गल्ल्याचा खण लोटून बंद केला. “खरं सांगू? त्या लग्नाच्या रविवारी मला सारखं वाटत होतं, तिकडं पोरं मरतायत. जेवणावर लक्ष नव्हतं माझं. संध्याकाळी दिगूला फोन केला, तर म्हणतो, जिंकलो की! लई मजा आली!” तो हसला, पण नीट नाही. “मी आलो, की राक्षस मोठा होतो. नाही आलो, की बारका होतो. मग मी येऊन करतो तरी काय गं?”

“मजा येत नव्हती?”

“मजा येत होती. मजेचं काय. इथंही आता तेच आहे. हे सगळं आपलं आपणच चालतं,” त्याने यंत्रांकडे बोट केलं. “मी चार दिवस आलो नाही, तरी एक पुडी कमी-जास्त होत नाही. पोरगं म्हणतं, अब्बा, आराम करा. आराम तर आराम.”

शर्वरी इस्पितळाच्या आवारात भेटली, जेवणाचा डबा मांडीवर घेऊन. तिच्याकडेही तोलच होता, वेगळ्या नावाचा. कोणी रजा टाकली, की कामं आपोआप उरलेल्यांत वाटली जात, रुग्णांच्या वेळा सरकत, कोणाला कसलाही ताण पडत नसे. “फार चांगलं आहे, ताई,” शर्वरी म्हणाली. “रजेला कोणी नाही म्हणत नाही. फक्त परत आल्यावर ‘बरं झालं आलीस’ असंही कोणी म्हणत नाही.” डब्याचं झाकण लावताना तिने विचारलं, “तुम्ही रागावल्या नाहीत ना?”

दिगूने फोन उचलला नाही.

त्या रात्रीपासून वृंदाने खेकडा करायला घेतला. तळहाताएवढा, गुलाबी, पाठीवर दातांच्या रांगा बसवलेला. तिने चकती फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली आणि पूर्वीसारखी कागद-पेन्सिल घेऊन बसली. खेकडा एका नदीच्या उतारावर, पायी पार होता येतं तिथं, बसलेला असेल. त्याला दोन नांग्या. एक नांगी ढालाईताने अडवून धरायची. दुसरी तिरंदाजाने बाण मारून आपल्याकडे ओढून घ्यायची. दोन्ही गुंतल्या, की खेकडा पुढून उचलला जाणार आणि त्याचं मऊ पोट उघडं पडणार. तिथं मांत्रिकाने आग ओकायची. कवच कशानेच फुटणार नव्हतं. तिघांचं काम होतं. दोघांना ते कितीही फासे चांगले पडले तरी होणारं नव्हतं. तिने दहादा पडताळून पाहिलं.

मग तिने तिघांनाही एकच निरोप पाठवला. “येत्या रविवारी तोल बंद. समोर जे आहे ते तिघांचं आहे. दोघं आलात तर दोघंही मराल, आणि मेलेले पुन्हा उठणार नाहीत.”

रविवारी इरफान सगळ्यांत आधी आला. मग शर्वरी, पाळी बदलून घेऊन. दिगूने निरोप वाचला होता, उत्तर दिलं नव्हतं. त्यांनी वाट पाहिली. चहा झाला, पुन्हा चहा झाला. शर्वरीने फोन लावला. वाजून वाजून थांबला.

इरफानने खेकडा उचलून फिरवून बघितला. “झकास केलायस. एक काम कर की. एक नांगी मोड याची.”

वृंदाच्या मनात ते आलंच होतं. मसाला ठिसूळ असतो. अंगठ्याने दाबलं असतं, तरी तुटली असती. सहा वर्षं तिने हेच तर केलं होतं, कोणाला न कळू देता. आणि समोर बसलेल्या या दोघांनी काय वाईट केलं होतं? ते तर आले होते.

“नाही,” ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला परका वाटला.

“मग आज नको खेळूया,” शर्वरी म्हणाली. “दिगूदादा येतील तेव्हा बघू.”

“आणि नाही आला कधीच तर?” इरफानने खेकडा नकाशावर ठेवला. “नाही. चल, सुरू कर, वृंदा. बघू तरी, तो नसला की काय होतं.”

जे व्हायचं तेच झालं. धोंडाजीने डावी नांगी ढालीवर घेतली. चित्तरीने उजवीला आपल्यामागे पळवत पळवत पाण्यात नेलं. खेकडा पुढून वर उचलला गेला, त्याचं फिकट पोट दिसलं, आणि तिथं कोणी नव्हतं. शर्वरीने पोटावर बाण मारायला नेम धरला, तर उजवी नांगी सुटली. इरफान म्हणाला, मी मध्ये पडतो. तर डावी सुटली. दुसऱ्यांदा पोट उघडं पडलं तेव्हा इरफानने टेबलावर मूठ आपटली. “कुठं मेला हा दिग्या! फुंकर मारायची होती नुसती!”

“गाढव आहेत ते,” शर्वरी ओरडली, “पण एवढ्या मोठ्या पोटावर तर त्यांची आग लागलीच असती!”

त्या दुपारी दिगूचं नाव त्या टेबलावर जितक्यांदा निघालं, तितक्यांदा तो समोर बसलेला असतानाही कधी निघालं नव्हतं. आधी चित्तरी पडली. शर्वरीने दोन्ही हात मांडीवर घेतले. धोंडाजी पाण्यात गुडघ्यावर आला, आणि इरफानने शेवटचा फासा टाकून न बघताच मान फिरवली. वृंदाने बघितला. तिने सांगितलं. सूत्रधाराला सांगावंच लागतं.

जाताना इरफान दारात थांबला. “येतो” एवढंच म्हणाला. शर्वरीने वृंदाला मिठी मारली, पण तिचे डोळे लाल होते, आणि त्या लालीत राग किती आणि दुःख किती हे वृंदाला कळलं नाही.

पुढचे दिवस फार वाईट गेले. लॅबमध्ये कोणी बोलायला नव्हतं. ते पूर्वीही नव्हतं, पण आता ते ऐकू यायला लागलं. सहा वर्षं सोबत असलेली माणसं आपण आपल्या हाताने मारली, आणि ती कशासाठी, हे तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. तोल असता तर ती तिघंही जिवंत असती. एकेकटी का होईना.

गुरुवारी दिगूचा फोन आला. मागे शाळेच्या मैदानाचा गलका होता.

“वृंदे, काय झालं गं रविवारी?”

“हरलो.”

“म्हणजे?”

“धोंडाजी गेला. चित्तरी गेली.”

“चेष्टा करतेस.”

“नाही रे.”

गलका दूर गेला. तो चालत बाजूला गेला असावा. “मला वाटलं, तू करशील काहीतरी. लावशील तो तोल. मी नसलो तरी भागतंय की सगळं. इथं पण भागतंय. परवा मी मैदानावर गेलोच नाही, तर शाळेच्या यंत्रानं पोरांचे संघ आपोआप पाडले, सामना एका गुणानं सुटला, सगळी खूश. मी खोलीत बसून होतो. कोणी बघायला आलं नाही.” तो थांबला. “कशानं हरले?”

वृंदाला खोटं बोलता आलं असतं. “तू नव्हतास म्हणून,” ती म्हणाली.

पलीकडे लांब मैदानावरची शिट्टी वाजली. तिला वाटलं, आता हा फोन ठेवणार, आणि हाही गेला.

“मग माझा एकटाच राहिला म्हणायचा,” दिगू म्हणाला. “फुंकरनाथ.”

“हो.”

“आणि ती दोघं?”

“पडलीत तिथंच. उतारावर.”

“उघड्यावर?” त्याचा आवाज चिरकला. “असं कसं टाकून द्यायचं गं त्यांना? माती तरी द्यायला पाहिजे की.”

रविवारी तो आला. दाढी वाढलेली, हातात भडंगाची पुडी. वृंदाने नकाशा पसरला. खेकडा तिने ठेवला नाही. गोष्टीत तो खोल नदीत उतरून गेला होता. दिगू खुर्चीत पुढे सरकून बसला आणि सांगायला लागला. फुंकरनाथ डोंगर उतरून येतो. त्याला लांबून गिधाडं दिसतात. तो आग ओकून ती हाकलतो, आणि या वेळी आग सरळ जाते. चित्तरीला तो उचलतो. ती हलकी आहे. बांधाच्या वर, जिथं पुराचं पाणी चढणार नाही तिथं तो खड्डा घेतो. तिचं धनुष्य तो तिच्याजवळ ठेवतो. खेळात त्याने आजवर केलेल्या सगळ्या विनोदांपैकी एकही त्याने त्या दिवशी केला नाही. वृंदा मध्येमध्ये फक्त एवढंच सांगायची, की माती ओली आहे, की ऊन कलतंय.

“आता धोंडाजी,” दिगू म्हणाला. “पाण्यात आहे ना तो? ओढतो मी.”

“जड आहे. फासा टाक.”

त्याने टाकला. तीन.

“हलत नाही,” वृंदा म्हणाली.

त्याने पुन्हा टाकला. सात. पुन्हा. पाच. त्याचं कपाळ घामेजलं होतं. पूर्वीची वृंदा असती, तर तिने एव्हाना नदीचं पाणी चढवून धोंडाजीला अलगद काठाला लावलं असतं. आता तिने पाणी होतं तिथंच ठेवलं.

दिगूने फासा मुठीत घेतला, दुसऱ्या हाताने खिशातून फोन काढला आणि स्पीकरवर लावला.

“इरफान, लेका, किती जड रे तू,” तो म्हणाला. “अर्धा तास झाला, ओढतोय. एकट्याला निघत नाहीस.”

पलीकडे मसाल्याच्या यंत्रांची घरघर ऐकू येत होती.

“चिलखत काढ आधी,” इरफान म्हणाला.

“ओलं झालंय. पट्टे सुटत नाहीत मला.”

“पाठीमागनं आहेत ते. तुला नाही कळायचं.”

“मग?”

घरघर थांबली. कोणीतरी यंत्र बंद केलं होतं.

“थांब,” इरफान म्हणाला. “हात लावू नको कशाला. मी आलो.”

दिगूने फोन टेबलावर पालथा ठेवला. वृंदा चहाचं आधण ठेवायला उठली. दिगू तिथंच बसून राहिला, फासा मुठीत घट्ट धरून.